‘हा ऐकून शिकणारा मुलगा आहे’

चौथीच्या वर्गात नव्याने आलेल्या एका मुलाची आई पहिल्याच आठवड्यात मला भेटायला आल्या. हातात आधीच्या शाळेतून मिळालेला एक कागद होता. वीसेक प्रश्न, त्यांच्यापुढे खुणा आणि तळाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष : श्राव्य अध्ययनशैली. “बाई, हा ऐकून शिकणारा मुलगा आहे,” त्या म्हणाल्या. “त्याला वाचायला फार लावू नका. तुम्ही नुसतं सांगा, सगळं लक्षात राहतं त्याच्या.”

लक्षात खरोखरच राहायचे. गोष्ट एकदा ऐकली की पात्रांच्या नावांसकट परत सांगायचा. इतिहासाच्या तासाला त्याचा हात सगळ्यांत आधी वर. पण पुस्तक उघडायची वेळ आली की तहान लागायची, पोटात दुखायचे, पेन्सिलीचे टोक मोडायचे. पूर्वी कधी न ऐकलेला एक उतारा घेऊन मी त्याच्या शेजारी बसले, तोवर महिना उलटून गेला होता. तो पहिले अक्षर ओळखत होता आणि पुढचे ठोकून देत होता. ‘समुद्र’चे ‘समोर’, ‘पर्वत’चे ‘परत’. चौथीतल्या त्या हुशार मुलाला वाचता येत नव्हते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याची ‘शैली’ ठरवली आणि त्यानंतर, त्याला वाचता येते का, हे पाहायला कुणीच थांबले नव्हते.

मुलांच्या शिकण्यातल्या फरकांविषयी जे बोलले जाते, त्यातल्या एका मोठ्या भागाला माझा विरोध आहे. तो विरोध या मुलापासून सुरू होतो. मुले एकसारखी नसतात, हे ज्याने एक दिवस वर्ग सांभाळला आहे त्याला सांगावे लागत नाही. वाद आहे तो ती कशात वेगळी असतात यावर. गेली काही दशके या प्रश्नाला एक सोपे, गोड उत्तर दिले जात आहे : काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, ज्याची जशी शैली तसे त्याला शिकवा. हे उत्तर चुकीचे आहे, आणि त्याची किंमत ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे अशी मुले मोजतात.

कल्पनेचा जन्म वाईट हेतूतून झाला नाही, हे आधी सांगायला हवे. न्यूझीलंडमध्ये शाळा तपासनीस म्हणून काम केलेल्या नील फ्लेमिंग यांना एक कोडे पडले होते : उत्तम शिकवणारे शिक्षक काही मुलांपर्यंत पोहोचत नाहीत आणि सामान्य शिक्षक कधीकधी पोहोचतात, असे का? त्यातून १९९२ साली त्यांनी कॉलीन मिल्स यांच्यासह पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि कृती करणे अशी चार खाती असलेली प्रश्नावली मांडली. त्याआधी डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याच्या चक्रावर आधारलेली आपली शैली-सूची आणली होती. पुढे तर पेवच फुटले. फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोजदाद केली तेव्हा अध्ययनशैलींची ७१ प्रारूपे सापडली. त्यातली १३ महत्त्वाची म्हणून त्यांनी बारकाईने तपासली आणि बहुतेकांचा पाया कच्चा असल्याचे दाखवले. एकच मूल एकाहत्तर तऱ्हांनी कापता येत असेल, तर त्या रेषा मुलाच्या अंगावर आहेत की कापणाऱ्याच्या मनात, हे विचारायलाच हवे.

ही कल्पना खरी की खोटी, हे ठरवायची कसोटी अवघड नाही. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट बियॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी ती स्पष्ट मांडली. आधी मुलांना शैलीप्रमाणे वेगळे करा. मग प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रांनी शिकवा आणि निम्म्यांना बोलून. कोण कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच घ्या. शैलीची गोष्ट खरी असेल, तर ‘पाहणाऱ्यां’ना चित्रांनी जास्त आले पाहिजे आणि ‘ऐकणाऱ्यां’ना बोलण्याने. आलेखावर दोन रेषांनी एकमेकींना छेद दिला पाहिजे. दोन्ही गटांना चित्रांनीच जास्त समजले, तर तो चित्रांचा गुण झाला, त्यात शैलीचा काही संबंध नाही. या चौघांनी उपलब्ध संशोधन चाळले. मुळात अशी कसोटी लावलेले प्रयोग थोडेच निघाले, आणि जे होते त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांचे निकाल शैलीच्या बाजूचे नव्हते. शाळांनी ज्यावर पैसा आणि वेळ घालवावा असा पुरावा सापडत नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले.

पुढे बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी हीच कसोटी लावली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात प्रौढांना पुस्तकातला मजकूर ऐकायला किंवा वाचायला दिला. आपल्याला ऐकलेले जास्त समजते असे म्हणणाऱ्यांना ऐकून जास्त समजले नाही, आणि वाचनाची आवड सांगणाऱ्यांनाही वाचून जास्त समजले नाही. २०२० मध्ये त्यांनी हेच पाचवीच्या मुलांवर पाहिले, आणि माझ्या मते तो निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. ‘पाहणारी’ म्हटलेली मुले वाचनाच्या चाचणीत पुढे होतीच, पण ऐकून समजण्याच्या चाचणीतही तीच पुढे होती. म्हणजे ‘श्राव्य’ ठरलेल्या मुलांचे कान अधिक तयार नव्हते. त्यांना वाचनाची जास्त गरज होती. आणि शैलीचा सल्ला पाळायचा, तर त्यांच्याकडून नेमके वाचनच काढून घ्यायचे.

मग ही समजूत इतकी पक्की का? २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या ९३ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांनी तिच्याशी सहमती दाखवली होती. शिकवणाऱ्यांना कमी समजते म्हणून हे झालेले नाही. अनुभवच फसवा आहे. मूल चित्र पाहून खुलते, आपण म्हणतो, बघा, चित्राने कळले. पण आवडणे आणि येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिकण्याबद्दलची आपली स्वतःची जाणीव तर फारच कच्ची असते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट अशी की आपल्याला चांगले लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. जे सोपे जाते ते आपल्याला मानवते असे वाटते. पुष्कळदा जे जड जाते तेच टिकते.

दुसरे कारण अधिक साधे आहे. कशाने शिकवायचे हे बहुतेक वेळा मूल ठरवत नाही, विषय ठरवतो. नकाशा पाहावाच लागतो. सूर ऐकावाच लागतो. गाठ मारायला शिकायची तर दोरी हातात हवी. ‘मी श्राव्य आहे’ म्हणून कुणाला भूमितीची आकृती तोंडी सांगून चालणार नाही. आणि शब्द व चित्र जोडीने आले, की त्याचा लाभ सर्वसाधारणपणे सगळ्यांनाच होतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी हे कितीतरी प्रयोगांतून दाखवले आहे. तेव्हा वेगवेगळ्या वाटांनी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे काम मी चुकीचे म्हणत नाही. तिने ते जरूर करावे, फक्त सगळ्या वाटा सगळ्यांसाठी ठेवाव्यात.

अध्ययनशैलीहून जुनी आणि अधिक गंभीर अशी एक परंपरा आहे, बोधात्मक शैलींची, म्हणजे माणूस माहिती कशी पाहतो आणि तिच्यावर कसा विचार करतो याच्या ठरावीक पद्धतींची. तिला मी एका झटक्यात बाजूला सारणार नाही. मानसशास्त्रज्ञ हर्मन विटकिन यांनी १९४० च्या दशकापासून माणसांना अंधाऱ्या खोलीत तिरप्या चौकटीतली कांडी उभी सरळ करायला सांगितली. काहीजण चौकटीच्या तिरपेपणाने फसत, काही फसत नसत. पहिल्यांना त्यांनी क्षेत्रावलंबी म्हटले, दुसऱ्यांना क्षेत्रनिरपेक्ष. हा फरक खरा आहे, मोजता येतो, बराचसा टिकाऊ आहे. पण शैली म्हणायची तर दोन्ही टोकांना काही ना काही फायदा दिसायला हवा. विटकिन यांच्या चाचण्यांत एका टोकाच्या लोकांना प्रश्न सुटतो आणि दुसऱ्या टोकाच्या लोकांना सुटत नाही. अवकाशीय क्षमतेच्या चाचण्यांशी तो फरक जुळतोही. म्हणजे ज्याला शैली म्हटले ते पुष्कळ अंशी कौशल्य होते, आणि कौशल्य शिकवता येते.

जेरोम कॅगन यांच्या कामाचेही तसेच. चित्रात दिलेल्या आकृतीची हुबेहूब जोडी शोधताना काही मुले क्षणात उत्तर देतात आणि चुकतात, काही थांबून पाहतात. १९६० च्या दशकात त्यांनी या फरकाला उतावळेपणा आणि विचारीपणा अशी नावे दिली. उतावळे मूल जन्मभर उतावळेच राहणार, असे कुणी म्हणू शकले असते. पण १९७१ मध्ये डोनाल्ड मायकेनबाम आणि जोसेफ गुडमन यांनी अशा मुलांना स्वतःशी बोलायला शिकवले : “मला काय करायचंय? सावकाश. आधी हे बघ, मग ते बघ.” आधी मोठ्याने, मग पुटपुटत, मग मनात. मोठ्यांनी नुसते करून दाखवले तिथेही मुले थांबायला लागली, पण चुका कमी झाल्या त्या जिथे मुलांनी स्वतःशी बोलण्याचा सरावही केला तिथे. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी उतावळ्या मुलांसाठी उतावळा अभ्यासक्रम केला नाही. मुलाजवळ जे नव्हते ते त्याला दिले.

खरे फरक मग कोणते? पहिला आणि सर्वांत मोठा : मुलाला आधीच काय ठाऊक आहे. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. खेळ जाणणाऱ्या पण वाचनात कच्च्या मुलांना ते, खेळ न जाणणाऱ्या पण वाचनात पक्क्या मुलांपेक्षा चांगले समजले. गणितात हे आणखी ठळक दिसते. नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे पायरी-पायरीने द्यावी लागतात. त्याच पायऱ्या सरावलेल्या मुलाला अडथळा होतात. त्याला नुसते उदाहरण द्यावे आणि बाजूला व्हावे. स्लावा काल्यूगा, जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या उलटापालटीचे पुरावे एकत्र मांडले. शैलीच्या बाबतीत जो रेषांचा छेद सापडत नाही, तो इथे सापडतो. एकाला जे औषध, तेच दुसऱ्याला अपाय. फक्त हा फरक मुलाच्या स्वभावाला चिकटलेला नाही. तीच मुलगी अपूर्णांकांत नवखी आणि भूमितीत तयार असू शकते, आणि सहामाहीआधी नवखी असलेली ती दिवाळीनंतर तयार झालेली असते. तिच्यावर एकदाच शिक्का मारून ठेवण्यासारखे इथे काहीच नाही. तिला रोज नव्याने पाहावे लागते, आणि हेच कष्टाचे काम प्रश्नावली वाचवते.

दुसरा फरक कार्यकारी स्मृतीचा, म्हणजे एका वेळी मनात किती धरून ठेवता येते याचा. नेल्सन कोवन यांच्या मांडणीनुसार प्रौढांचीही मर्यादा जेमतेम चार गोष्टींची असते. मुलांची त्याहून कमी, आणि मुलामुलांत पुष्कळ अंतर. “वह्या काढा, समास आखा, तारीख घाला, पान बेचाळीस, तिसरं उदाहरण, झालं की जोडीदाराला दाखवा.” एका दमात एवढे सांगितले की तीन-चार मुले समास आखून तशीच बसतात. त्यांना आपण ‘लक्ष नसते’ म्हणतो. सूचना दोन-दोन करून दिल्या, फळ्यावर लिहून ठेवल्या, की त्यांतली बरीच मुले कामाला लागतात. मी हे कितीदा पाहिले आहे, आणि पाहिल्यावरही घाईत कितीदा विसरले आहे.

मनातल्या चित्रांचा फरकही खरा आहे, तोही नोंदवते. डोळे मिटून सूर्योदय आठवा म्हटले तर काहींना तो जवळजवळ प्रत्यक्ष दिसतो, काहींना काहीच दिसत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्ये हे नोंदले आणि २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी त्या चित्रविहीनतेला अफँटेशिया हे नाव दिले. आता शैलीच्या तर्काने पाहिले तर अशा माणसाला चित्रांच्या जगापासून दूर ठेवायला हवे. पण पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल यांना मनात चित्र दिसत नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. लहानपणी कुणी त्यांच्यापुढची चित्रे उचलून घेतली असती तर?

आता माझ्या विद्यार्थ्याकडे परत येते, कारण त्याची गोष्ट फार जुनी आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. बुद्धीने तल्लख, खेळात तरबेज, पण वाचता येत नाही. त्याला अनेक वर्षे शिकवणाऱ्या मास्तरांचे म्हणणे होते की सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. पुढे डिस्लेक्सिया म्हणून ओळखल्या गेलेल्या अडचणीच्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी हे एक. मॉर्गन यांना हा दृष्टीशी जोडलेला दोष वाटला होता. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक मुलांत अडचण असते ती शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात. म्हणजे ज्या मुलाला आपण कौतुकाने ‘कानाचा’ म्हणतो, त्याला भाषेतल्या बारीक आवाजांवरच जास्त काम करायची गरज असू शकते. हे काम करून घेता येते, ते लवकर सुरू झाले तर उत्तम, आणि नुसते ऐकवत राहण्याने ते कधीच होत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांना निदान हे ठाऊक होते की आपल्यापुढे एक अडचण आहे. आपण त्याच अडचणीला शैली म्हणालो आणि निश्चिंत झालो.

शैलीच्या बाजूने एक युक्तिवाद मला खरोखर भिडतो. पूर्वी ज्या मुलाला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवत, त्याला या कल्पनेने सन्मान दिला. तू कमी नाहीस, वेगळा आहेस, असे सांगितले. मला स्वतःलाही ती आधी याच कारणाने आवडली होती. पण शिक्का बदलला तरी शिक्काच राहतो. २०२३ च्या एका अभ्यासात पालक, शिक्षक आणि खुद्द मुलांना काल्पनिक विद्यार्थ्यांची वर्णने दिली, तर ‘पाहून शिकणारा’ मुलगा त्यांना ‘हाताने करून शिकणाऱ्या’ मुलापेक्षा हुशार वाटला. सन्मानाची भाषा बोलता बोलता उतरंड परत आलीच. आणि मुले ऐकत असतात. ‘कायनेस्थेटिक’, म्हणजे हाताने करून शिकणारी, ठरलेली आठवीतली एक मुलगी मला शांतपणे म्हणाली होती, “मी कायनेस्थेटिक आहे ना बाई, मला निबंध नाही येणार.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने ते आपल्या उंचीसारखे, डोळ्यांच्या रंगासारखे मान्य करून टाकले होते. निबंध तिला कुणी नीट शिकवलाच नव्हता, ही शक्यता तिच्या मनाला शिवली नाही, आणि आम्हा शिक्षकांच्याही नाही.

म्हणून मला वाटते, शाळांनी या प्रश्नावल्या थांबवाव्यात, शिक्षक-प्रशिक्षणातून त्या वगळाव्यात, आणि तो वेळ तीन गोष्टींना द्यावा. पहिलीत प्रत्येक मुलाकडून अनोळखी मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा, वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याला. नवा धडा सुरू करण्याआधी मुलांना काय येते ते पाच मिनिटांत तपासावे. आणि जिथे मूल अडते तिथे त्याला वळसा घालून देण्याबरोबर रस्ताही दुरुस्त करावा. यातला ‘बरोबर’ हा शब्द मी जाणूनबुजून घातला आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला भूगोल ऐकून शिकू द्यायलाच हवा, नाहीतर तो ज्ञानातही मागे पडतो. चष्मा लागलेल्याला चष्मा आणि बहिरेपण असलेल्याला श्रवणयंत्र जितके हक्काचे, तितकीच ही सोयही हक्काची. पण सोय दिली म्हणून शिकवणे थांबवायचा हक्क कुणाला नाही.

त्या मुलाच्या बाबतीत आम्ही तसेच केले. रोज वीस मिनिटे आवाज आणि अक्षरे, काना-मात्रा, जोडाक्षरे, अगदी पहिलीपासून. तो चिडायचा, मीही दमायचे. बाकीचे विषय तो ऐकत राहिला, तोंडी उत्तरे देत राहिला. आई सुरुवातीला नाराज होत्या. त्याच्या स्वभावाविरुद्ध चालले आहे असे त्यांना वाटायचे. वर्ष संपताना तो वर्गातल्या बहुतेकांपेक्षा हळू वाचत होता, ओळीवर बोट ठेवून. एका दुपारी मी धडा मोठ्याने वाचत होते आणि सगळे पुस्तकात बघत होते. मागून त्याचा आवाज आला, “बाई, तुम्ही एक ओळ सोडलीत.” मी पाहिले. सोडली होती.